खालून आलेलं ‘मोकळं’

दिवा आहे तेवढाच राहू द्या, मोठा करू नका. आणि ते जिन्याकडचं दार तेवढं लावून घ्या. हां. आता बसा, सांगते.

त्या दिवशी मला फक्त एक ब्रेक तपासून बघायचा होता. रिसॉर्टच्या बाईक पार्कमध्ये सायकली दुरुस्त करायचं माझं काम. माझा नवरा तिथेच लिफ्ट चालवतो. गुडघा गेल्यापासून त्याची सायकल सुटली. लिफ्टच्या पाळण्यात माणसं सायकलीसकट बसतात, वर जातात आणि झाडून-पुसून ठेवलेल्या वाटेवरून किंचाळत खाली येतात. गुडघ्याला कवच, कोपराला कवच, छातीला कवच आणि आत घाबरलेला ससा. खाली पोचल्यावर एकमेकांच्या पाठी अशा थोपटतात, की डोंगर यांनीच रचलाय. मी त्यांच्या सायकलींची चाकं सरळ करते आणि तोंडदेखलं ‘वा, वा’ म्हणते.

या सगळ्यांवर ताण म्हणजे माझा धाकटा दीर. हेल्मेटवर कॅमेरा, तोंडात फुशारकी. बागेतल्या घसरगुंडीवर आपण बसत नाही, असं तो पार्कबद्दल चारचौघांत म्हणायचा. त्याला हवे होते कुंपणाबाहेरचे लांबलचक, अवघड उतार. ते शोधायला आठवडेच्या आठवडे डोंगर हुंगत हिंडायचा. पण एवढ्या मोठ्या शोधकर्त्याने मागचा नवा टायर स्वतःच्या हाताने बसवला, तो उलटा. त्या टायरच्या नक्षीला दिशा असते. उलटा बसवला, की चिखलात त्याची खूण चुकीची उमटते. माणूस खाली गेला तरी वर चढल्यासारखं दिसतं. मी ते बघितलं, पोटभर हसले आणि गप्प बसले. स्वतःला डोंगराचा जावई समजणाऱ्याला कोण शिकवणार?

“वहिनी, सापडली!” त्या दुपारी तो माझ्या टेबलाशी येऊन म्हणाला. “कुंपणापलीकडे. दगड, मुळं, पायऱ्या, अरुंद वळणं... संपतच नाही हो ती वाट.”

“निघते कुठे?”

“तेच तर बघायचंय.”

म्हणजे वाट कुठे जाते ते माहीत नाही आणि हे निघाले उतरायला. मी माझ्या सायकलीचा ब्रेक तपासत होते, आणि ब्रेक उतारावरच कळतो. शिवाय नवऱ्याने लिफ्टच्या खोलीतून मान बाहेर काढून सांगितलं, “तू जा त्याच्याबरोबर. एकटा सोडू नकोस. काही झालं तर आईला काय तोंड दाखवू मी?” आईचं नाव निघालं की या घरात वाद संपतो. मी हेल्मेट घातलं.

आम्हा उतारावरच्या लोकांचा एक नियम आहे. पुढचा माणूस अवघड जागा उतरला, की बाजूला थांबतो आणि वर ओरडतो, “मोकळं!” ते ऐकल्याशिवाय मागच्याने ब्रेक सोडायचा नाही. पुढचा वाटेतच पडलेला असला तर मागचं चाक त्याच्या बरगड्यांवरून जातं, म्हणून हा नियम. माझ्या दिराने तो कधीच पाळला नव्हता. सायकल सुटली की साहेब थेट पायथ्याला, मागची वहिनी गेली खड्ड्यात.

“आज ओरडणार आहात ना, भाऊजी?”

“हो हो. सारखं काय तेच.”

वाट खरंच चांगली होती. खोटं कशाला बोलू? मला तर तिचा रागच आला. कोणीतरी एकेक दगड हाताने बसवलेला, पाणी वाहून जायला बाजूने चर काढलेले, आणि तरी दगडांवर शेवाळ. फार दिवसांत कोणी गेलं नसावं. धुकं झाडांतून हळूहळू खाली उतरत होतं. ओल्या पानांचा वास येत होता आणि त्याखाली आणखी एक, तापलेल्या ब्रेकचा, करपट. मला वाटलं, दिराच्याच सायकलीचा.

पहिलं अवघड वळण आलं. कोपरासारखं मोडलेलं, डावीकडे खोल झुडपं. दीर पुढे गेला आणि धुक्यात दिसेनासा झाला. चाकांचा खडखडाट आला. एक दगड घरंगळला. मग काहीच नाही.

मी थांबले. अपेक्षा कसली ती नव्हतीच.

“मोकळं...!”

खालून, बरंच खालून आवाज आला. मी मनात म्हटलं, अरे वा, सूर्य आज कुठे उगवलाय! आणि ब्रेक सोडला.

वळणाखाली तो नव्हता. असं करतोच तो. पुढे मुळांचा जिना आला. मी वर थांबले, तर लगेच खालून आवाज, “मोकळं...” मग खडकाची उडी, जिथे वाट एकदम तुटते. “मोकळं...” प्रत्येक ठिकाणी, अगदी वेळेवर, आणि तोच सूर. मला बरं वाटायला हवं होतं. पण माझं लक्ष दुसरीकडे गेलं होतं. माझी छाती भात्यासारखी चालली होती. आणि हा माझा दीर, जो घरचा जिना चढला तरी दोनदा थांबतो, त्याच्या आवाजाला धापच नव्हती.

करपट वास आता दाट झाला होता. वाट सपाट होऊन चिखलाच्या एका पट्ट्याशी आली. पलीकडे नुसतं पांढरं धुकं.

“मोकळं, वहिनी...” त्या पांढऱ्यातून आवाज आला. जवळून.

मी ब्रेकवरची बोटं उचललीही होती. तेवढ्यात सवयीने नजर खाली गेली. आम्ही दुरुस्तीवाले माणसाच्या तोंडाआधी त्याचा टायर बघतो. दिराचा उलटा टायर या चिखलातून गेला असता तर त्याची ती हास्यास्पद खूण मला आंधळ्यानेही दाखवली असती.

चिखल कोरा होता. एक पानसुद्धा दबलेलं नव्हतं.

मी एक दगड उचलून पुढे टाकला. तो चिखलापलीकडे गेला... आणि पडल्याचा आवाज आलाच नाही. फार वेळाने, कुठेतरी खोल, बारीकसा ठक्क.

“भाऊजी,” मी म्हटलं. “कुठे आहात?”

“मोकळं, वहिनी... या ना.”

माझ्या तोंडचं पाणी पळालं, हे कबूल. पण त्याहून जास्त मला चीड आली. नक्कल करायची तर नीट तरी करावी! माझ्या दिराने आजवर ‘या ना’ असं आर्जव कधी केलेलं नाही. मी सायकल तिथेच टाकली आणि वर धावत सुटले. मागून हाक येत राहिली, आणि मी जितकी लांब जाईन तितकी ती जवळून यायला लागली. मी वळून बघितलं नाही.

तो पहिल्याच वळणावर होता. डावीकडच्या झुडपांत, वाटेपासून दोन हातांवर. खांद्याचं हाड मोडलेलं, सायकल वर फांद्यांत अडकलेली. मी त्याच्या शेजारून उतरून गेले होते, त्या आवाजाच्या नादी लागून.

“वहिनी...” त्याचे ओठ पांढरेफटक होते. “मी हाका मारत होतो. पण तुम्ही खालून ओरडत होता... मोकळं, मोकळं... सारख्या बोलवत होता मला. मी सरपटत निघालो होतो. दहा वेळा म्हटलं, हात हलत नाहीये... तुम्ही ऐकेचनात.”

मी त्याचा धड हात माझ्या गळ्यात घेतला आणि कुंपणापर्यंत ओढत आणलं.

दुसऱ्या दिवशी उन्हात मी दोन लिफ्टवाल्यांना घेऊन सायकली आणायला गेले. हे दोघे गडी एरवी ढगाला हात लावायच्या गोष्टी करतात. वळणाखाली यायला एकही तयार होईना. मी एकटी चिखलापर्यंत गेले. पलीकडे जुनी दगडाची खाण होती, सरळ तुटलेला कडा. माझी सायकल होती तिथेच होती. आणि चिखलात आता खूण होती, एकाच चाकाची, ठसठशीत. दिराच्या टायरसारखी नक्षी, खूण वर चढल्याची. मी ओरडून सांगितलं, तर एक लिफ्टवाला वरूनच ओरडला, “उलटा टायर ना त्यांचा? मग तेच उतरले असतील.”

दिराची सायकल तर रात्रभर वरच्या फांद्यांत लटकलेली होती. आणि टायर उलटा नसेल तर ती खूण खरंच वर चढल्याची होती, कड्याकडून. मी तिच्या मागोमाग गेले. मुळांच्या जिन्यावरून, खडकाच्या उडीवरून, जिथे कुणालाही सायकल चढवता येत नाही, तिथून ती सरळ वर गेलेली. कुंपणापाशी पार्कची झाडलेली वाट लागली आणि तिथे ती इतर शंभर खुणांत मिसळून गेली.

दिराला आम्ही आमच्याकडेच ठेवून घेतलं, वरच्या खोलीत. हात गळ्यात बांधलेला, फुशारकी बंद. खरं सांगते, मला त्याची ती बडबडच बरी वाटायला लागली होती.

काल संध्याकाळी नवरा लिफ्टवर होता. मी वर दिराला गोळी द्यायला गेले. पेला त्याच्या हातात दिला. त्याच्या अगदी समोर उभी होते, इतकी जवळ की त्याचा श्वास मला लागत होता.

जिन्याखालून आवाज आला.

“भाऊजी... मोकळं.”

माझा आवाज. धाप नसलेला. तोंडाला मी कुलूप घातलं होतं, तरी माझाच.

दीर उठला. त्याचा चेहरा असा सैलावला, जसा पडल्या दिवसापासून मी बघितला नव्हता. तो दाराकडे निघाला. मी त्याचा धड हात दोन्ही हातांनी घट्ट धरला आणि ओरडले, “भाऊजी, मी इथे आहे! इकडे बघा!”

त्याने बघितलं. नीट बघितलं. मग त्याने माझी बोटं एकेक करून सोडवली, अगदी हळुवार, परक्या बाईचा गैरसमज दूर करावा तशी.

“जरा सोडता का, ताई,” तो म्हणाला. “खाली आमच्या वहिनी बोलावतायत.”