तीन चिरांची नळी

एकोणीसशे छप्पन साली चाकणच्या नाक्यावर माझं मोटारदुरुस्तीचं दुकान होतं. भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता. रेडिएटरची नळी इंजिन थंड असताना बोटांनी दाबायची, पिचपिचीत लागली की बदलायची, एवढंच मला कळे. बसवलेल्या प्रत्येक नळीवर मी ब्लेडने तीन चिरा पाडत असे. आपलं काम आपल्याला ओळखू येतं.

हिंदुरावांनी एक जुनी मोटार घेतली. त्यांची लेक रतन तळेगावच्या दवाखान्यात बाळंत झाली होती. तिला आणि बाळाला गाडीतून घरी आणायची हौस. पहिलीच नात! तोवर ते रोज डबा घेऊन तळेगावला जात. मी नवी नळी घालून दिली.

संध्याकाळी बॉनेटमधून वाफ काढतच ते परतले. नळी तडकली होती, दहा वर्षं उन्हात पडल्यासारखी. वर माझ्याच तीन चिरा. दुसरी घातली, तिचीही तीच गत.

"मिस्त्री, जुना माल खपवताय जनू," हिंदुराव म्हणाले. सकाळी न्हाव्याकडून तुळतुळीत होऊन आलेल्या माणसाच्या गालांवर चांगले खुंट वाढले होते.

"तुमचा न्हावी तरी कुठं धड आहे?" मी म्हणालो. ते हसले नाहीत.

राग आलाच, पण कुतूहल त्याहून जास्त. मी एका कोऱ्या नळीचे दोन तुकडे केले. एक कपाटात ठेवला, दुसरा बॉनेटखाली इंजिनापासून लांब तारेने बांधला. तळेगावची एक फेरी झाली. कपाटातला तुकडा नवाकोरा होता, गाडीतल्याचा बोटात भुगा झाला.

"उद्या लेकीला आनायची हाय. गाडी दगा तर देनार न्हाई?"

"जादा नळी देतो, फुटली तर वाटेत बदला. बाकी गाडी ठणठणीत आहे."

माझ्या डोक्यात फक्त रबर होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी ते पायीच आले.

"नळी टिकली?"

"येक फुटली, जादाची टिकली."

"आणि नात?"

ते बाकावर टेकले. "दारात भाकरतुकडा ववाळून घरात घेतली. पर रतन अंगावर पाजाया भितीया. चावती म्हनं."

"दहा दिवसांचं पोर चावेल कसं?"

विचारून गेलो. उत्तर नको होतं मला.

हिंदुरावांनी चार बोटं वर केली. "वर दोन, खाली दोन."