बुडालेला गोळा

थोरलीच्या हातचा गोळा आजवर कधी बुडाला नव्हता. हे ती स्वतः कधी सांगत नसे. सांगावंच लागत नसे, गिऱ्हाइकंच तिच्या तोंडावर सांगून जात आणि ती नुसती पदराने कपाळ पुसत उभी राही. मनात मात्र गुदगुल्या होत, का होऊ नयेत?

त्या कारखान्यात एकच वस्तू बनायची. टाकी भरली की वर तरंगून नळ बंद करणारा तांब्याचा पोकळ गोळा. दोन वाट्या ठोकायच्या, तोंडाला तोंड लावायचं आणि सांधा बंद करायला त्यावरून वितळलेल्या कथलाचा डाख फिरवायचा. वाट्या कुणीही ठोकायचं. डाख थोरलीचा, आणि तिच्याआधी तिच्या सासूबाईंचा.

सासूबाई जाऊन वर्ष होत आलं होतं. ऐन उमेदीत त्या तीर्थाचे गडू बंद करून द्यायच्या. लोक कुठून कुठून पवित्र नद्यांचं पाणी आणत, आणि सासूबाई गडूच्या तोंडावर असा डाख देत की पिढी उलटली तरी थेंब हलू नये. पुढे त्याच हातांनी गोळे केले. "पाणी आत ठेवायचं काय न् बाहेर ठेवायचं काय, हात तोच," म्हणायच्या. सांधा पुरा झाला की हत्याराचं टोक हलकेच वळवून डाखाला इवलीशी शेपटी काढायच्या. थोरलीने जंग जंग पछाडलं, ती शेपटी तिला कधी जमली नाही. कोणी शिकवलं विचारलं, तर म्हातारी मागच्या दाराकडे बोट दाखवायची. "तिने."

मागच्या दाराबाहेर नदी होती. सगळे हसायचे, म्हातारीही हसायची.

पण नदीच्या बाबतीत थट्टा तेवढ्यावरच थांबायची. वाहते ती आई, मग ती पुराणातली असो की कारखान्यामागची. पायरी उतरताना आधी ओंजळभर पाणी डोळ्यांना लावायचं, पाय लागतो म्हणून माफी मागायची, मगच पुढे व्हायचं. आणि तांबं धुतलेलं ॲसिडचं पाणी? त्यासाठी सासूबाईंनी कारखान्याच्या भिंतींआधी हौद बांधून घेतला होता. त्यात चुनखडी टाकायची, गाळ बसू द्यायचा, वरचं पाणी पुन्हा वापरायचं. जागेच्या जुन्या मालकाचा थेट नदीत जाणारा एक पाईप हौदाच्या तळाशी आला होता, त्याच्या झडपेला त्यांनी कुलूप घातलं. "जिला हात जोडायचे तिच्याच अंगावर घाण ओतायची? त्यापेक्षा देवघरात थुंका की!" काठावरचे बाकीचे कारखाने खुशाल सोडायचे. या घराचा पाईप तेवढा कोरडा. थोरलीची मान ताठ असायची ती त्या कोरड्या पाईपामुळे.

त्या वर्षी नव्या इस्पितळाच्या टाक्यांचं काम मिळालं. एवढं मोठं काम पहिल्यांदाच. अर्ध्याहून जास्त गोळे करून, तपासणीच्या साध्या पाण्याच्या हौदीत बुडवून, बुडबुडा येत नाही याची खात्री करून थोरलीने ते फळीवर रचले आणि आजारी आईला बघायला माहेरी गेली. मागे धाकटा दीर होता.

परत आली त्या सकाळी तिने फळीवरचा एक गोळा सहज उचलला. तो जड लागला. कानाशी हलवला.

आत पाणी डुचमळलं.

"अगं बाई!" तिच्या तोंडून निघालं. तिने गोळा हौदीत सोडला. तो तळाला जाऊन बसला. दुसरा सोडला, तोही बसला. तिसराही.

पहिला संशय तिने स्वतःवर घेतला. म्हणजे आपला हात गेला? सांध्यावरून नख फिरवलं, भिंग धरलं, गोळा गरम करून पुन्हा पाण्यात दाबला. एक बुडबुडा येईल तर शपथ. आणि फळी तर कोरडी ठणठणीत, वरून कुठे गळती नाही. दीर दाराशी उभा होता.

"भावोजी, हे गोळे कुणी हलवले?"

"छे! कोण हलवतंय, वहिनी?"

"मग करवत आणा."

तिने सांधा शाबूत ठेवून त्याच्या शेजारून गोळा कापला. पाणी थाळीत पडलं. निळसर, हिरवट, घशाला झोंबणाऱ्या वासाचं. तिने चिमूटभर चुनखडी टाकली, पाणी फसफसलं.

हे पाणी तिने झोपेतही ओळखलं असतं. तांबं धुतलेलं, त्यांच्याच घरचं पाणी.

ती तडक हौदाकडे गेली. हौद काठोकाठ भरलेला असायला हवा होता, त्यातलं पाणी तळाला गेलं होतं. मागचं दार उघडून ती पायऱ्यांवर आली. पाईपाच्या तोंडाखालचा दगड निळा पडला होता आणि तिथून नदीत एक निळी रेघ चालली होती. सासूबाई ओंजळ भरायच्या त्या पायरीला वळसा घालून.

"वहिनी, गाळ उपसायला वेळ कुठे होता?" मागून दीर काकुळतीला आला. "सगळेच सोडतात. एवढंसं पाणी, एवढी मोठी नदी... कुणाला कळणार होतं?"

"तिला कळलं," थोरली म्हणाली. "तिने आपलं आपल्याला परत पाठवलं."

म्हणाली खरी, आणि स्वतःच्याच शब्दांनी तिच्या अंगावर काटा आला.

मग तिने पदर खोचला. झडप बंद करून भागणार नव्हतं. पाईपाच्या तोंडावर तिने तांब्याची चकती बसवली आणि कडेने डाख दिला, पुन्हा कुणाचा हातच चालू नये असा. दिराला हौदात उतरवून गाळ काढायला लावला. इस्पितळाच्या इंजिनियरला फोन करून सांगितलं, माल वेळेवर मिळणार नाही, आमच्याकडून चूक झाली, काम दुसऱ्याला द्यायचं तर द्या.

"अहो, हातातोंडाशी आलेला घास!" दीर हौदातून ओरडला. "कारखाना बसेल!"

"बसू दे. तिच्या अंगावर उभा राहण्यापेक्षा बसलेला बरा."

संध्याकाळ व्हायच्या आत ती पायरीवर वाकली. ओंजळ डोळ्यांना लावली. तिला रडू आलं, पण लाजेचं नव्हे. म्हातारीचा शब्द आपण राखला, या भरात ते आलं. पाणी खळखळत होतं. निळी रेघ कुठेच नव्हती.

दुसऱ्या दिवशी उन्हं फळीवर आली तेव्हा ती उरलेले गोळे मोडीत काढायला बसली. दीर शेजारी, मान खाली घालून. तिने पहिलाच उचलला. अजून जडच होता.

करवत चालली.

आतून पाणी आलं ते निवळशंख, गार. पाणी कुठलं, नदीच ती. शेवाळाचा नि ओल्या दगडाचा वास खोलीभर पसरला. चुनखडी टाकली, साधी हलली नाही.

"वहिनी," दीर पुटपुटला, "आत बघा."

तिने अर्धी वाटी उन्हात धरली. बाहेरून डाख तिचा होता, तिच्या ओळखीचा, जरासा जाडसर. आतल्या बाजूने मात्र सांध्यावर दुसराच डाख फिरला होता. केसासारखा बारीक, एकसारखा.

बंद गोळ्याच्या आतून डाख देता येत नाही. तिथे हात जात नाही. कुणाचाच.

"असा मला सात जन्मांत जमायचा नाही," थोरली म्हणाली, आणि तिच्या आवाजात भीती नव्हती, होता तो माहेरवाशिणीचा तोरा.

तिने ओल्या तांब्यावरून अंगठा फिरवत नेला. रेघ संपली तिथे एक इवलीशी शेपटी होती.

तांबं बर्फासारखं गार होतं. शेपटी अजून गरम होती.