बांधलेली फिरकी

"आज काय वाट्टेल ते होवो, गावात उतरायचं नाही!" दादाने केबिनच्या पायरीवरूनच फर्मान काढलं. "काल गर्दीत माझी पार चटणी झाली!"

खोटं नव्हतं ते. डोंगराखालच्या गावात पर्यटकांची नुसती झुंबड! आइस्क्रीमला तासभर रांग आणि ज्याच्या त्याच्या फोटोत आपलं डोकं. म्हणून तर मंडळींनी सुट्टीसाठी वर डोंगरावर ही लाकडी केबिन घेतली होती.

दादा म्हणजे भागूबाईचा आतेभाऊ, चष्मिष त्याची धाकटी बहीण, आणि तिसरी आपली भागूबाई. खरं नाव वेगळं हो. पण जी मुलगी पालीला, अंधाराला, अगदी उंच जिन्यालासुद्धा घाबरते, तिचं दुसरं काय नाव पडणार?

भागूबाई दुर्बिणीतून रोपवे बघत होती. खरेदीला गेलेली तिची आई, आजी आणि चार वर्षांचा धाकटा भाऊ छोटू पाळण्यात बसून वर यायचे होते.

"ए, फिरकी फिरत नाहीये," ती म्हणाली.

रोपवेच्या वरच्या स्टेशनच्या छपरावर, एका खांबाच्या टोकाला ही फिरकी होती. काल रोपवे चालवणाऱ्या काकांनीच ऐटीत सांगितलं होतं : वारा वाढला की ती गरगर फिरते, घंटा वाजते आणि सगळे पाळणे आपोआप अगदी हळू सरकायला लागतात.

"वारा नसेल," दादा म्हणाला.

"मग झाडं का वाकलीयेत? अरे, कुणीतरी तिला मफलर बांधलाय!"

तिघं धावत सुटली. स्टेशनात काका निवांत चहा पीत होते.

"मीच बांधलाय!" ते हसले. "गर्दीच्या दिवशी बांधतोच. खाली हजार माणसं उभी आहेत. दर पाच मिनिटांनी घंटा वाजली तर लोक मला फाडून खातील. बारा वर्षं चालवतोय मी, मला शिकवू नका. पळा!"

आईचा फोन लागेना. भागूबाईने पुन्हा दुर्बीण डोळ्यांना लावली. मधल्या मनोऱ्याकडे येणारा एक पाळणा वेडावाकडा झुलत होता, आणि त्याच्या काचेला लाल टोपी चिकटली होती. छोटूची टोपी!

"या वेगाने आला तर मनोऱ्यावर आपटेल," चष्मिष पुटपुटली. मग एकदम म्हणाली, "मी काकांना बोलण्यात गुंतवते. तुम्ही मफलर सोडा!"

छपरावर जाणाऱ्या शिडीभोवती लोखंडी पिंजरा होता आणि दाराला कुलूप. दादाने गजांतून अंग घातलं आणि खांद्याशी अडकला.

"भागू, तूच मावशील! जा!"

"मी? मी नाही हं! मी पडेन, दादा!"

"मी खाली उभा आहे. वर बघत जा फक्त!"

भागूबाई रडत रडतच आत शिरली. वारा तिला शिडीवरून ओढत होता. खालून चष्मिषचा आवाज येत होता : "काका, हे बटण कशाचं? आणि ते पिवळं? सगळी दाखवा ना!" वर पोचल्यावर भागूबाईने एका हाताने खांबाला मिठी मारली, पण गाठ सुटेना. शेवटी तिने दातांनीच ती ओढली. मफलर उडाला, फिरकी भिरभिरली आणि घंटा घणाणली!

"अरे, कुणी सोडली?" काकांचा चहा सांडला. पण पाळणे मंदावले होते. लाल टोपीचा पाळणा मनोऱ्यापासून जेमतेम हातभर अंतराने, हळूहळू पुढे सरकला.

घंटा ऐकून मागच्या वर्कशॉपमधून रोपवेच्या इंजिनिअरबाई धावत आल्या. त्यांनी आधी दारात येऊन पडलेला मफलर बघितला, मग काकांकडे. काकांनी मान खाली घातली.

"रोपवे आजपुरता बंद!" बाई म्हणाल्या. "जे वाटेत आहेत ते वर पोचू देत. बाकीचे पायी जातील."

आई आणि आजी एकमेकींना धरून उतरल्या. छोटू भोकाड पसरून रडत होता. भागूबाईने त्याला असं आवळलं की तो रडायचाच विसरला.

"फिरकी कुणी सोडली?" बाईंनी विचारलं.

"मी," भागूबाई छोटूला न सोडताच म्हणाली. "मला खूप भीती वाटली हो, म्हणून."

"बरं झालं वाटली. ज्याला वाटायला हवी होती, त्याला ती वाटायची बंद झाली होती." बाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला. "शिडीवर चढलीस त्याबद्दल आई ओरडेल, आणि तिने ओरडावंच. पण शाबास, पोरी!"

आजीने तर तिची अलाबला घेतली. दादाने खांदा चोळत सलाम ठोकला.

इतक्यात टेबलावरचा फोन खणखणला. खालच्या स्टेशनात लोक खवळले होते. त्यांचा आरडाओरडा फोनमधून खोलीभर ऐकू येत होता. भागूबाई पुन्हा पांढरीफटक पडली. "ते सगळे माझ्यावर चिडलेत का?"

इंजिनिअरबाईंनी फोन तिच्या कानाला लावला.

"ऐक नीट," त्या म्हणाल्या. "ओरडायला सगळेच्या सगळे शिल्लक आहेत."