भिंतीवरचा नान

ये, पाय घाल गोधडीत. टेबलाखाली आत्ताच निखारे टाकलेत, ऊब आहे अजून. दिवे काही लवकर येत नाहीत. आमच्या या कोकंद शहरात असा वारा सुटला की आधी विजेच्या तारा मान टाकतात, मग आम्ही कंदील शोधतो. चहा घे. साखर हवी? नको तर नको. तुम्हा लोकांचं तोंड बघून काही कळत नाही बाई.

तर सोजिदा ओयींकडची खोली बघून आलीस म्हणे दुपारी. ओयी म्हणजे आई, सगळी गल्लीच त्यांना तसं म्हणते; त्या परवाच मार्गिलानला भाचीकडे गेल्यात, म्हणजे तू भिंतीवरून डोकावूनच बघितली असणार. असू दे, मध्ये बोलू नकोस, मी विसरते. खोली चांगलीच आहे. ऊन येतं, अंगणात तुतीचं झाड आहे, क्लासपासून लांब नाही. पण हो म्हणायच्या आधी माझं ऐक, ब्रिजिट. ऐकून मग तुझं तू ठरव, मी काही तुझा हात धरणार नाही.

त्या खोलीत आधी फर्गस राहायचा. तुझ्यासारखाच आमच्या क्लासमध्ये इंग्रजी शिकवायला आलेला. स्कॉटलंडचा, लाल केसांचा, एवढा उंच की दारातून वाकून यायचा आणि तरी कपाळ आपटून घ्यायचा. पोरं त्याला 'उस्ताद' म्हणायची आणि पाठीमागे 'गाजर'. पहिल्या दिवशी सगळ्यांनी विचारलं, लग्न का नाही झालं? हा बिचारा लालेलाल. नान दस्तरखानावर, जेवणाच्या चादरीवर, उलटा ठेवायचा, सुरीनं कापायला जायचा. मी टपली मारायची. "अरे गाढवा, नान हातानं मोडायचा. पडला तर उचलून कपाळाला लावायचा. टाकायचा नाही. आणि कुणी पुढे केला तर नाही म्हणायचं नाही." तो सगळं मनावर घ्यायचा. गुणी होता गं. जीव लावला होता त्यानं आम्हाला.

घरी त्याची आई एकटी. डोळ्यांनी जवळजवळ आंधळी झालेली, वसंतात ऑपरेशन ठरलेलं. त्यानं तिला शब्द दिला होता, पट्टी सुटेल तेव्हा समोर माझाच चेहरा असेल. तिकीट काढून ठेवलं होतं. दिवसातून दोनदा तरी ते मोबाइलवर काढून बघायचा.

आता त्या खोलीचं सांगते. ती खोली एल्मुरोदची, सोजिदा ओयींच्या मुलाची. एल्मुरोद माझा शाळेतला विद्यार्थी. त्याच तुतीवरून लहानपणी पडला आणि पुढचा दात अर्धा तुटला. तेव्हापासून 'स' म्हणायला गेला की बारीक शिट्टी वाजायची. इंग्रजी कमी, शिट्टीच जास्त. मी चिडवायची, तो हसायचा, मग आणखीच वाजायची.

मोठा झाला तसा इतरांसारखा रशियात बांधकामावर गेला. निघताना आमच्याकडे करतात तेच केलं. उंबऱ्यात उभं राहून ताज्या नानचा एक घास दातांनी तोडायचा. उरलेला नान आई खिळ्याला टांगते, आणि परत येऊन त्यानंच तो संपवायचा. आपलं अन्न घरी वाट बघत असलं की माणूस वाट चुकत नाही. माझ्या भावाचा असाच टांगला होता, बापाचाही. एल्मुरोदनं घास तोडला त्या जागी मधोमध एक उंचवटा राहिला होता, तुटका दात पोचला नाही तिथला. सुरुवातीला त्याचा फोन यायचा. मग बंद झाला. गल्ली नको नको ते बोलायला लागली. पण ओयी रोज नानवरची धूळ फुंकायच्या आणि म्हणायच्या, "नान आहे तोवर माझा पोरगा आहे." कुणाची टाप होती पुढे बोलायची!

फर्गसला खोली देताना त्यांनी एकच अट घातली. नानला हात लावायचा नाही. मी स्वतः त्याला इंग्रजीत समजावलं. घरच्या मुलाचा आहे, म्हटलं, तो येईपर्यंत राहू दे. त्यानं मान डोलावली.

मागच्या हिवाळ्यातली गोष्ट. असाच वारा सुटलेला. ओयी लग्नाला मार्गिलानला गेलेल्या. मी फर्गसकडे तपासलेले पेपर आणायला गेले. संध्याकाळच होती, पण दिवे गेलेले आणि गल्लीत धूळच धूळ. त्यानं मोठं दार उघडलं, आत घेतलं, मागून कडी लावली. ओसरीवर बसवून चहा ठेवला. चेहरा असा की काहीतरी चांगलं काम करून बसलाय आणि सांगायला घाई झालीय.

"ओपा, आज एक गंमत झाली," तो म्हणाला. पोरांसारखा तोही मला ओपा म्हणायचा, मोठी ताई. "वाऱ्यानं दार आपटलं आणि तो नान खिळ्यासकट खाली आला. तुकडे झाले हो! मला इतकं वाईट वाटलं."

"मग?"

"तुम्हीच सांगितलंय ना, टाकायचा नाही. मी उचलला, कपाळाला लावला. चहात भिजवून सगळा खाल्ला. एक कण टाकला नाही. मग बाजारातून नवा आणला, तशाच जागी एक घास तोडला आणि खिळा पुन्हा ठोकून टांगला. ओयींना कळणारही नाही."

माझ्या हातातला प्याला कलंडला. मांडीवर गरम चहा सांडला तरी मला समजलं नाही. अगं, त्यानं दुसऱ्याचं परतीचं अन्न खाल्लं होतं! आणि त्याच्या जागी स्वतःचा घास टांगला होता, त्या घरात, त्या खिळ्याला. इतक्या चांगल्या मनानं असली चूक फक्त परका माणूसच करू शकतो. आमचं शेंबडं पोरही करणार नाही.

"काय झालं, ओपा?"

मी सांगायला तोंड उघडलं. तेवढ्यात मोठ्या दारावर थाप पडली.

हळू. तळहाताची. आपल्या घराच्या दारावर मारतात तशी.

"ओयी..."

वारा एकदम पडला होता. तुतीची एक काडी हलत नव्हती.

"ओयी... संपला एकदाचा रस्ता... उघडा..."

आणि त्या 'स'ला शिट्टी. बारीक. मी वर्षानुवर्षं वर्गात ऐकलेली.

आवाज तोच होता, पण थकलेला, विहिरीतून यावा तसा ओला. मला रडू फुटलं, खरं सांगते. माझाच विद्यार्थी तो. एक मन म्हणालं, धाव आणि उघड. दुसरं म्हणालं, आत त्याच्यासाठी आता आहे काय? मी फर्गसचं मनगट घट्ट धरलं आणि ओठावर बोट ठेवलं.

पण त्या वेड्याला आमच्या भाषेतलं एकच वाक्य अगदी चोख यायचं. दारात कुणीही आलं की म्हणायचं. मीच शिकवलेलं. माझा हात त्याच्या तोंडावर पोचायच्या आत तो सवयीनं, मोठ्यानं, गोड आवाजात बोलून गेला.

"या, आत या! नान घ्या!"

बाहेर सगळं गप्प झालं.

कडी हलली नाही. दार करकरलं नाही. अंगणातून कुणी चालत आलं नाही, मी डोळे फाडून बघत होते. फक्त एक वास आला. ओल्या सिमेंटचा, पावसात भिजलेल्या जाड कोटाचा. तो आमच्या मधून गेला आणि खोलीकडे वळला.

मग खोलीतून आवाज आला. नान दातांनी तोडल्याचा. आणि सावकाश चावल्याचा... खूप दिवसांचा उपाशी माणूस चावतो तसा.

"ओपा..." फर्गस कुजबुजला, "आत कोण आहे?"

आम्ही दोघं एकमेकांना धरून बसलो. चावणं थांबलं तेव्हा मी कंदील घेऊन आत गेले. खोली रिकामी. नान खिळ्यावर होता. फर्गसच्या घासाशेजारी दुसरा घास होता, ओला, आणि त्याच्या मधोमध तो उंचवटा.

दुसऱ्या दिवशी ओयी आल्या. त्यांनी नान पाहिला, आणि तो जुना नाही हे त्यांना लगेच कळलं. मी म्हटलं, आता घर डोक्यावर घेणार. पण त्यांनी त्या उंचवट्यावरून नुसतं बोट फिरवलं. मग डोक्यावरच्या रुमालाचं टोक तोंडात कोंबून हमसाहमशी रडल्या. "आलं होतं माझं वासरू. जेवून गेलं," म्हणाल्या. "पोट भरलं नाही त्याचं, मस्तुरा. परत येईल तो. कसाही येईल." आणि त्यांनी फर्गसकडे पाहिलं. मायेनं पाहिलं गं. त्याचीच मला जास्त भीती वाटली.

मी फर्गसला म्हटलं, तिकीट आधीचं कर आणि नीघ. तो निघाला. दारात सगळी गल्ली जमली. रिवाजाप्रमाणे मी ताजा नान आणला होता, तर ओयींनी माझा हात बाजूला सारला. "याला कशाला नवा? याचा आहे की टांगलेला." त्यांनी त्याच्या गालावरून हात फिरवला. "लवकर ये, बाळा."

तो आईकडे वेळेवर पोचला. मी क्लासमध्ये हलवा वाटला. पट्टी सुटली त्या दिवशी त्याच्या आईचाच मला फोन आला. वाटलं, आनंदानं केलाय.

ती म्हणाली, "चेहरा माझ्याच मुलाचा आहे. पण संध्याकाळ झाली की तो दाराशी जाऊन बसतो आणि तुमच्याकडच्या भाषेत 'ओयी' अशी आईला हाक मारतो. मी समोर असते, तरी. आणि... तुम्ही हसाल मला. त्याचे दात सगळे धड आहेत. मी मोजून बघितले. पण तो पाव चावतो ना, तेव्हा चावल्या जागी मधे एक उंचवटा राहतो."

मी हसले नाही.

गेल्या महिन्यात तिचा पुन्हा फोन आला. एका संध्याकाळी तो घरातल्या सपाता घालूनच बाहेर पडला. कोट खुंटीला, पासपोर्ट कपाटात. पोलीस शोधतायत. ती माउली विचारत होती, तुमच्याकडे तर नाही ना आला? मी म्हटलं, पासपोर्टशिवाय एवढ्या लांब कसा येईल बाई? तिला म्हटलं खरं, पण त्या दिवसापासून मी त्या गल्लीतून जात नाही.

म्हणून सांगते, दुसरी खोली बघू. मी उद्याच बाजारात विचारते. तुझीही आई आहे घरी...

काय झालं? अशी का बघतेस?

भिंतीवरून नाही? मग आत कशी गेलीस? अगं, ओयी गावाला आहेत, दाराला बाहेरून कुलूप... उघडं होतं? कुणी उघडलं?

घरच्या मुलानं, म्हणतेस.

थांब. थांब जरा. केस कसे होते त्याचे? ...लाल. उंच. आमची भाषा छान बोलत होता म्हणतेस. चहा दिला तुला. बरं. आणि भिंतीवरचा नान? तुझ्यासमोर काढला त्यानं? खिळ्यावरून?

ब्रिजिट, माझ्याकडे बघ. त्यानं तुझ्यापुढे नान केला, तेव्हा तू काय केलंस?

"तुम्हीच मला पहिल्या दिवशी सांगितलं होतंत ना ओपा, नाही म्हणायचं नाही. सगळा संपवला आम्ही दोघांनी."

...कंदील इकडे आण. जवळ आण अजून. तोंड उघड, दात बघू दे.

धड आहेत सगळे. मग आत्ता काय वाजलं ते?

पुन्हा म्हण पोरी. ते 'सगळा' पुन्हा एकदा म्हण.