सोडलेलं गाणं

त्रिशलानं तंबोरा दोन्ही हातांनी डोक्यावर उचलला आणि भर दुपारच्या उन्हात, वाळत घातलेल्या हळदीच्या अंगणात उभी राहून ती किंचाळली, “आज ह्याचं तुकडंच करते! मग बसा सगळी आपापलं नेम सांभाळत!”

ओसरीवर सगळं घर गोळा झालं होतं. वडील तवनाप्पा, काका आदगोंडा, लाल डोळ्यांची चंदनबाला आत्या… आणि दारात, एसटीतून उतरून आलेली, अजून पायसुद्धा न धुतलेली तिची आई राजमती. आईच्या तोंडून शब्द फुटत नव्हता. तो कधीच फुटत नसे, आणि तेच तर त्रिशलाच्या काळजात सलत होतं!

आज महावीर जयंती. सांगलीच्या सभागृहात सकाळी त्रिशलाचं पहिलं मोठं गाणं झालं होतं. “आई, आज तू पुढं बसली न्हाईस तर पुन्यातनं बोलावनं आलंय तिकडं जाईन, आनि परत तोंड दाखवनार न्हाई,” असं तिनं आदल्या दिवशी बजावलं होतं. आई पुढच्या ओळीत बसली होतीही. पण तंबोरा जुळायला लागला, पहिला षड्ज निघाला, आणि आई पदर डोक्यावर ओढून, माणसांच्या गुडघ्यांना अडखळत बाहेर निघून गेली… भरल्या सभेत! त्रिशला गायली. लोकांनी वाहवा केली, आणि ती वाहवा तिला विषासारखी लागली.

आता या घराचं थोडं सांगायला हवं. आष्ट्याच्या तवनाप्पा पाटलांचं घर म्हणजे नेमांचं दुकान! आप्पांनी वार लावून रस सोडलेले. आज मीठ नाही, उद्या तूप नाही, परवा गूळ नाही. आदगोंडाकाकांनी वाहन सोडलेलं. सांगलीच्या कोर्टात तारीख असली की ते आदल्या दिवशी चालत निघत, आणि पोचेपर्यंत तारीख पुढं गेलेली असे. चंदनबाला आत्यानं कृष्णेपलीकडं पाऊल टाकायचं नाही असं ठरवलेलं, म्हणून सख्ख्या भाचीच्या लग्नात तिनं पुलाच्या अलीकडून सांगलीच्या दिशेनं अक्षता उधळल्या होत्या. चामडं घरात चालत नसे, तेव्हा सिद्धू तबलजी लिंबाखाली बसे आणि गाणारी ओसरीवर. गाव हसे, पण मानही देई, कारण एकदा धरलेला नेम त्या घरात आजवर कुणी मोडला नव्हता. फक्त आईला कसलाच नेम नाही, असं त्रिशला लहानपणापासून समजून होती. नेम नाही, मग ही उठून जाते ती कशापायी? तिरस्कारापायी! दुसरं काय असणार?

नऊ वर्षांची असताना त्रिशला विषमज्वरातून उठली. डोक्यावर केस नाहीत, पायांत बळ नाही. शेजारच्या मास्तरीणबाईंनी तिला करमणूक म्हणून पेटीसमोर बसवलं आणि त्या हडकुळ्या पोरीच्या गळ्यातून असा काही सूर निघाला की मास्तरीणबाईंचे हात थांबले. पहिलं भजन शिकून ती धावत घरी आली ती आईला ऐकवायला. पहिली ओळ म्हणते न म्हणते तोच आई तव्यावरची भाकरी तशीच टाकून परड्यात निघून गेली. भाकरी करपली… पोरीचं मनही करपलं! पुढं पंधराव्या वर्षी तिनं हट्टानं आईला गोठ्यात गाठलं आणि मोकळ्या गळ्यानं गायला लागली. आईनं दोन्ही कान दाबून धरले, म्हशीच्या आड अंग चोरून बसली आणि म्हणाली, “जा ग… तुझ्या पाया पडते, जा हितनं!” त्या दिवशी आई तिच्या मनातून उतरली.

आणि आज त्रिशलानं तंबोरा खरोखरच फेकला!

आई अशी धावली की कुणाला कळलंच नाही. हळकुंडांवरून पाय घसरला, गुडघा फुटला, पण भोपळा जमिनीला लागायच्या आत तिनं तो पोटाशी धरला. तारा झणझणल्या, आणि निखारा हाती यावा तसा तिचा चेहरा झाला. तिनं तळवा सपाट तारांवर टेकला आणि नाद तिथल्या तिथं थांबवला.

“बघा!” त्रिशला ओरडली. “आवाज सुदीक नको हिला! माजा आवाज नको, मी बी नको! त्या तापातच मेले असते तर सुटली असतीस न्हवं तू? मेले का न्हाई मी तवाच!”

“न्हाई ग…!” आईचा असा टाहो त्या घरानं कधी ऐकला नव्हता.

“गप!” चंदनबाला आत्या पायरी उतरून खाली आली. “जीभ हासडीन, कार्टे! कुनाला बोलतीस?”

“वन्सं,” आई कळवळली, “शपथ हाय तुमाला माजी…”

“असू दे शपथ! आज मोडते मी. लागंल ते पाप लागू दे मला!” आत्यानं त्रिशलाचं मनगट धरलं. “ऐक. तुला ताप आलता तवा डाक्टरनं हात टेकलं हुतं. ही तशीच बस्तीत, जैनांच्या देवळात पळाली, मुनीम्हाराजांम्होरं उभी ऱ्हायली आनि म्हनाली, माजी पोर जगू दे, माज्या जिवाला सगळ्यात लाडकं जे हाय ते आजपासनं सोडलं. म्हाराज म्हनालं, बाई, नेम सौद्यासाठी नसतो. हिनं ऐकलं न्हाई. काय सोडलं ठावं हाय? गानं! गायचं बी आनि ऐकायचं बी! अग, शेडबाळची राजमती पूजा म्हनाया लागली की मानसं घरला जायची इसरायची. आनि ह्यो तंबोरा? मिरजेचा म्हनून तुज्या बापानं तुला खोटं सांगितलं. हिच्या म्हायेरचा हाय त्यो! पोरीला उपकाराचं वझं नको, म्हनून आमा सगळ्यांच्या तोंडाला कुलूप लावलं हिनं.”

त्रिशलाला गोठा आठवला… कान दाबून बसलेली आई, आणि तिच्यापुढं सूड उगवल्यासारखी गाणारी आपण! केवढी यातना दिली आपण या माऊलीला! तिचे डोळे भरून आले. पण पोर त्याच घराची होती. रडता रडताच तिचा संताप पुन्हा उसळला.

“आनि मला कुनी इचारलं?” ती आईवर धावून गेली. “सगळ्या घराला ठावं, फकस्त मलाच न्हाई! धा वर्सं मी तुला शिव्याशाप दिलं, आनि तू गुमान घेतलंस! गानं न्हाई सोडलंस आई तू, मला सोडलंस! मला!”

“पोरी, शांत हो…” आप्पा पुटपुटले.

“तुमी बोलू नका आप्पा! मीठ सोडायला काय लागतंय तुमाला? सात वारांचा सात तऱ्हेचा सैपाक हीच करती!”

आप्पांनी मान खाली घातली. आयुष्यात प्रथमच त्यांना आपल्या नेमाची लाज वाटली.

“चल,” त्रिशलानं आईचा दंड धरला. “आत्ताच्या आत्ता म्हाराजांकडं चल. प्रायश्चित्त घे आनि सोडवून घे ह्यातनं.”

आईनं तंबोरा अलगद आप्पांच्या हाती दिला. मग ती बोलली, हळू, थांबत थांबत. “न्हाई ग माजी बाय. म्हाराज खरं बोललं असतील. पर तू जगलीस. आता पुन्यांदा परीक्षा बघायची माजी छाती न्हाई… आनि तू कशी गातीस ते मला ठावं हाय. आज नदीच्या घाटावर बसून हुते. गानं सरल्यावर दाराशी आले आनि बाहेर येनाऱ्या मानसांची तोंडं बघितली. दर बारीला बघते. लय चांगलं गातीस तू.”

त्रिशलाचा हात गळून पडला. ती मटकन हळदीतच बसली, हुंदके देत राहिली… आणि मग तिनं डोळे पुसले, पाठ ताठ केली, आईच्या समोर मांडी घातली आणि तोंड उघडलं.

आवाज नव्हता. नुसते ओठ हलत होते, हात वर जात होता, मानेची शीर फुगत होती. सकाळचं सगळं गाणं ती निःशब्द गात होती, आलाप, ताना, सगळं! आईला आधी उमगेना. मग उमगलं. तिची नजर लेकीच्या ओठांवर खिळली, चेहरा उजळत गेला, आणि फुटक्या गुडघ्यावर तिची बोटं मात्रा मोजू लागली. कित्येक वर्षं बंद पडलेली ती बोटं एकदाही चुकली नाहीत. काका, आत्या, आप्पा बघत होते.

रडण्याच्या भरात त्रिशला एका मात्रेनं आधीच समेवर आली.

आईनं बोट वर केलं.

“घाई केलीस,” ती म्हणाली. “परत म्हन.”