पंचायतीचा पाहुणा

तो आला तेव्हा मी अंगणात बोंबील उलटत होते. हात खारट, केस वाऱ्यानं विस्कटलेले... आणि समोर पाठीवर बॅग घेतलेला उंच मुलगा. खोली मिळेल का, असं त्यानं विचारलं.

चिखल्याच्या किनाऱ्यावर, सुरूच्या झाडांमागे आमच्या दोन खोल्या होत्या. गुडघा दुखावल्यावर बाबांचं बोटीवर जाणं सुटलं, तेव्हा आईनं दागिने मोडून बांधलेल्या. सुट्टीला येणाऱ्या पाहुण्यांवर आमचं घर चालायचं.

त्याचं नाव नविन, झरीचा. दोन दिवस राहिला. पाहुणे कधी येतात, काय खायला मागतात, पाण्याचं कसं करता — सारखा विचारायचा. मी सांगत राहिले. मी बोलताना तो असा पाहायचा, की सांगणं संपूच नये असं वाटायचं.

"एवढं विचारताय, इथंच राहायचंय की काय?"

"ठेवून घेणार असाल तर..." तो म्हणाला आणि स्वतःच लाजून समुद्राकडे पाहू लागला.

तो गेल्यावर मी उगाच फाटकाशी घुटमळायची. आणि एक दिवस फाटकासमोरच्या मोकळ्या जागेवर जेसीबी आला. सरकारी निधीतून ग्रामपंचायत तिथं पाहुण्यांसाठी खोल्या आणि मोठं उपाहारगृह बांधणार होती. भाडं आमच्यापेक्षा कितीतरी कमी. नारळ फोडताना सरपंचांच्या शेजारी नविन उभा होता. पंचायतीनं नेमलेला व्यवस्थापक.

आमच्याच घरात बसून, आमचंच खाऊन, त्यानं सगळं काढून घेतलं होतं.

संध्याकाळी तो आला. मुलाखतीआधी हे काम कसं चालतं ते पाहायला आलो होतो, जागा कुठली ते मलाही ठाऊक नव्हतं, असं सांगू लागला. खोल्या भरल्यात, एवढंच मी म्हणाले. दोन्ही खोल्यांची दारं सताड उघडी होती. त्यालाही ती दिसत होती.

त्यानंतर घरात कुणाला धड झोप नव्हती. आई रोज समोरच्या भिंती किती वर आल्या ते बघून यायची आणि चुलीपुढे बसायची. नविन रस्त्यात दिसला की मी मान फिरवायची... तो पुढे गेला की वळून पाहायची. त्याचाही राग यायचा, माझाही.

ग्रामसभेत मी उभी राहिले. गावासाठी आलेल्या पैशातून गावातल्याच घरांची चूल का विझवता, असं विचारलं. विकास एका घरासाठी थांबवता येत नाही, असं सरपंच म्हणाले. तेवढ्यात भिंतीशी उभा असलेला नविन पुढे आला.

"खोल्या होऊ द्या," तो म्हणाला. "पण उपाहारगृह नको. पाहुणे पंचायतीकडे झोपतील, जेवतील गावातल्या घरांत. किनाऱ्यावरच्या बायका रांधतील."

सरपंचांचा चेहरा उतरला. पण मागं बसलेल्या कोळणींनी एकेक करत हात वर केले आणि उपाहारगृह रद्द झालं.

बाहेर तो मोटरसायकलपाशी थांबला होता.

"नोकरी घालवाल अशानं," मी म्हणाले.

"जाईलही. सरपंच आताच तसं बोलले."

"मग कशाला बोललात?"

"खरं होतं म्हणून. आणि... तुम्ही माझ्याशी बोलायचं सोडल्यापासून मला दुसरं काही सुचत नव्हतं."

मला बरं वाटलं, पण समोर खोल्या तर होणारच. आमच्याकडे मग कोण राहील? नुसत्या जेवणावर घर चालेल? मी त्याला तसं विचारलं. सगळं नीट होईल, असं तो म्हणाला नाही. भीती मलाही वाटते, म्हणाला.

मग किल्ली बोटांत फिरवत राहिला.

"रविवारी आई येतेय झरीहून. तुमच्या आईला भेटायला."

"कशाला?"

"मागणी घालायला. नकार द्यायचा असेल तर आत्ताच सांगा... तिला बस बदलत यावं लागतं."

मी खाली पाहिलं. माझे कान तापले होते.

"सकाळचीच बस धरायला सांगा त्यांना," मी म्हणाले. "दुपारी फार ऊन होतं."