पाहुण्याचा उजवा हात

भुताखेतांच्या गोष्टी रात्रीच घडतात, अशी आपली समजूत असते. ही दुपारी घडली. भर दिव्यांच्या झोतात, तीस-चाळीस माणसांच्या देखत. त्यांतली बरीच माणसे अजून माझ्याशी बोलतात, पण या विषयावर नाही.

मी जे पाहिले तेच इथे लिहीत आहे. जे पाहिले नाही, ते ज्याच्यावर बेतले त्याच्याच तोंडून ऐकले आहे... आणि तो माझा सख्खा धाकटा भाऊ आहे. विश्वास ठेवायचा की नाही, ते तुम्ही ठरवा.

मालिकेचे नाव लिहीत नाही. अंतराळात भरकटलेल्या एका यानाची ती गोष्ट. आईबाबांच्या तरुणपणी सुरू झालेली, आमचे शिक्षण संपत आले तरी सुरूच असलेली. मग ती बंद पडली. बऱ्याच वर्षांनी एका वाहिनीने तिचे पुनरुज्जीवन करायचे ठरवले आणि मी तिथे वेशभूषा विभागात रुजू झाले.

त्या यानावर एक परग्रहवासी असे. सगळे त्याला पाहुणा म्हणत. राखाडी रंगाचा, ताडमाड उंच, तीन बोटांचा. तो बोलत नसे. कुठून आला, कशासाठी आला, हे मालिकेत शेवटपर्यंत कुणी सांगितले नाही. आम्ही मुले त्याला घाबरायचो आणि तरीही त्याचीच वाट पाहायचो.

नव्या मालिकेतला पाहुणा संगणकावर करायचा नाही, असा दिग्दर्शिकेचा हट्ट होता. जुन्या साच्यांवरून रबराचा पोशाख करायचा आणि आत खरा माणूस घालायचा.

त्या कामासाठी माझ्या भावाची निवड झाली.

उंची सोडली तर त्याच्या नावावर तोवर काहीच नव्हते. नाटकांत एकतर द्वारपाल, नाहीतर झाड. "उभं राहून राहून एक दिवस पालवी फुटेल तुला," असे बाबा म्हणायचे. तो हसायचा, पण नंतर बराच वेळ जेवायचा नाही. हे त्याचे पहिले खरे काम होते.

पोशाखात एक अडचण होती. डोके चढवून मानेमागचे आकडे लावले की आत काळोख. गळ्याशी एक बारीक जाळी होती, तिच्यातून उजेड कळे, वाट कळत नसे. ऐकूही काही येत नसे. फक्त स्वतःचा श्वास. म्हणून आतल्या माणसाला हात धरून न्यावे लागे.

ते काम माझ्याकडे आले.

पाहुण्याच्या उजव्या पंजाला तळव्याशी एक चीर ठेवलेली होती. तिच्यातून बोटे आत घालून मी भावाचा उघडा हात धरत असे. तळव्यावर एकदा दाबले की थांब. दोनदा दाबले की चाल. एवढ्या दोनच खुणा आम्ही ठरवल्या होत्या. त्याला जागेवर उभे करायचे, हात सोडायचा, आणि कॅमेरा सुरू व्हायच्या आत बाजूला व्हायचे. पुढे तो पावले मोजून एकटाच चालणार.

पहिल्या दिवशी यानाचा बोळ होता. पुरुषभर उंचीच्या लाकडी चौथऱ्यावर उभारलेला, मध्ये एक वळण. तालमीत धाकटा त्या वळणावर दर वेळी भिंतीला धडकला. सुतार वैतागले.

"पाहुण्याला जरा जपून वागायला सांगा. घर त्याचं नाही."

मग शॉट सुरू झाला. मी हात सोडून कॅमेऱ्यामागे आले.

तो निघाला. वळणापाशी आला. किंचित थांबला...

आणि अलगद वळला. एखाद्याने स्वतःच्या घरात वळावे तसा.

सगळे खूश झाले. एकटा ध्वनिमुद्रक सोडून. त्याचे कान इतके तिखट की आम्ही त्याला कानसेन म्हणायचो.

"मॅडम, परत घ्यावा लागेल," तो म्हणाला. "पाहुण्याच्या जोडीनं कुणीतरी चालतंय."

"बोळात कुणी नाहीये रे," दिग्दर्शिका म्हणाली.

"पावलं आहेत." त्याने कानावरचा हेडफोन घट्ट दाबला. "अनवाणी."

मी भावाचे डोके उतरवले. तो घामाने निथळत होता आणि हसत होता.

"ताई, शॉट चालू असताना हात धरलेला चालतो? तू दिसणार नाहीस?"

"मी कुठे धरला?"

"मग वळणावर कुणी नेलं मला?"

मी कॅमेऱ्यापाशी गेले. पडद्यावर शॉट पुन्हा पाहिला. पाहुण्याचा उजवा पंजा जवळून दिसत होता. मऊ रबराचा तो पंजा... बाजूने दबलेला होता. कुणीतरी मुठीत धरावा तसा.

पुढचे काही दिवस असेच गेले. मी हात सोडायचे, आणि त्याचा पंजा दबायचा. मी दिग्दर्शिकेला सांगितले. ती म्हणाली, रबर आहे, दबणारच. धाकट्याला तर भीतीच वाटत नव्हती. गाडीतून घरी येताना मी त्याला विचारले, "सोडतोस का हे काम?"

"ताई, आयुष्यात पहिल्यांदा मी कुठेही न धडकता चालतोय."

"कुणाच्या भरवशावर, ते तरी माहीत आहे का?"

"तुझ्यापेक्षा बरा हात आहे. तू चिमटे काढतेस."

त्याने ते थट्टेवारी नेले. मी रात्रभर जागी होते.

त्यानंतरच्या दुपारी जुना पाहुणा आला. म्हणजे मूळ मालिकेत इतकी वर्षे पाहुण्याचा पोशाख घातलेले गृहस्थ. त्यांना सगळे खांबकाका म्हणत. आता पाठ वाकली होती, तरी दारातून येताना मान लववावी लागली. वाहिनीने त्यांना सेट पाहायला बोलावले होते.

त्यांचा हात कोण धरायचे, असे मी विचारले.

"आमची ही," काका म्हणाले. "सगळा सेट तिला वहिनी म्हणायचा. घरी नुसती बडबड. इथं आली की मुकी. सगळं हातानं बोलायची."

मालिका बंद पडली आणि थोड्याच दिवसांत वहिनी गेल्या होत्या.

धाकट्याने त्यांना सगळे सांगून टाकले. काका हसले नाहीत. त्यांनी एवढेच विचारले, "अंगठा कुठे ठेवतं ते?"

"तळव्याच्या मधोमध. ठेवून हळूच फिरवतं."

काका खुर्चीत बसले. काही वेळ स्वतःच्या तळव्याकडे पाहत राहिले.

"'मी आहे' म्हणते ती," ते म्हणाले. मग दुरुस्ती केली. "म्हणायची." त्यांनी डोळे पुसले आणि चक्क हसले. "बघा. मी घरात वाट बघतोय इतकी वर्षं, आणि ही बया कामावर हजर."

आम्हीही हसलो. इतक्या दिवसांत प्रथमच मला हलके वाटले. वहिनीच असतील तर भ्यायचे काय?

"आणखी एक खूण आहे, काका," धाकटा म्हणाला. "आज सकाळपासूनच. मनगटावर तीन टिचक्या."

काकांचे हसू गेले.

"ती दिवसाच्या शेवटाची," ते म्हणाले. "काम संपलं. चल, घरी जाऊ."

मी दिग्दर्शिकेकडे गेले. आज आता नको, म्हणाले. तिने सांगितले की एकच शॉट उरला आहे. मी भावाकडे पाहिले.

"ताई, माझं काम आहे," तो म्हणाला. "झाडाचं नाही."

मी आकडे लावले.

बोळाच्या टोकाला यानाचे दार होते. ढकलले की उघडणारे. त्याच्यापलीकडे काहीही बांधलेले नव्हते. खाली सिमेंटची फरशी आणि दिव्यांचे लोखंडी खांब. पाहुण्याने दारापासून चांगला दूर, बोळाच्या मध्यातच थांबायचे होते.

तो निघाला.

मध्यावर आला...

थांबला नाही.

मी ओरडले. त्याला ऐकू येणार नव्हते. कॅमेऱ्यामागचे सगळे तसेच उभे; त्यांना वाटले, अभिनय आहे. फक्त कानसेन हेडफोन भिरकावून उठला.

"वेग वाढतोय," तो म्हणाला. "दोघांचाही."

मी चौथऱ्यावर चढून धावले. दार उघडले होते. धाकट्याचा एक पाय उंबरठ्याच्या बाहेर, हवेत. मी त्याचा डावा दंड दोन्ही हातांनी धरला आणि सगळा जोर लावून मागे खेचले.

तो हलला नाही.

पलीकडूनही कुणीतरी खेचत होते.

तिथे हवा होती. फक्त हवा. आणि तिच्यात त्याचा उजवा हात ताठ, ताणलेला. रबर मनगटापाशी पांढरे पडले होते. मी किती वेळ धरून होते, सांगता येत नाही. मग पलीकडची ओढ एकदम सुटली आणि आम्ही दोघे आत कोसळलो.

डोके काढल्यावर त्याने पहिला प्रश्न विचारला, "शॉट झाला?"

खांबकाका तोवर वर आले होते. त्यांना धाप लागली होती.

"चूक तिची नाही," ते म्हणाले. "आतला माणूस मीच आहे असं वाटतंय तिला. पोशाख मला घाला. मी सांगतो समजावून."

आम्ही नको म्हणालो. दिग्दर्शिकाही नको म्हणाली. ते हात जोडून उभे राहिले.

"एकदाच तिचा हात धरू द्या मला."

मी आधी त्या दारावर फळ्या ठोकून घेतल्या. मग काकांना पोशाख चढवला. कॅमेरा बंद होता. सगळे दिवे लावले होते. कुणी जागचे हलत नव्हते.

पोशाखात शिरताच त्यांची पाठ सरळ झाली. तो आमच्या लहानपणीचा पाहुणा होता. त्याने उजवा हात पुढे केला. आणि वाट पाहत उभा राहिला.

कितीतरी वेळ काही झाले नाही.

मग... पंजा दबला.

आम्ही सगळ्यांनी पाहिले. पाहुणा चालू लागला. हलक्या, जवळजवळ तरुण पावलांनी. दिग्दर्शिका रडत होती. मीही रडत असावे.

वळणावर तो थांबला.

त्याने मान खाली घालून स्वतःच्या हाताकडे वळवली. आतून त्याला काही दिसत नव्हते, तरीही. अगदी सावकाश त्याने हात मागे घ्यायला सुरुवात केली. हात येईना. मग तो झटकू लागला. पुन्हा. पुन्हा. तो प्रचंड देह भिंतीवर आदळत होता आणि आतून घुसमटलेला आवाज येत होता.

मी धावत जाऊन आकडे काढले.

काकांचा चेहरा राखेसारखा झाला होता.

"ती नाही," ते म्हणाले.

"काका, बसा. पाणी घ्या."

"खुणा तिच्या आहेत. सगळ्या. एकूण एक." त्यांनी तळवा कपड्यावर घासला. घासतच राहिले. "हात तिचा नाही."

"मग कुणाचा?"

त्यांनी माझ्याकडे पाहिले, पण उत्तर मला दिले नाही. स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, "आम्हा दोघांखेरीज त्या खुणा कुणालाच माहीत नव्हत्या. मग तिनं त्या कुणाला शिकवल्या? आणि कुठे?"

निघताना त्यांनी धाकट्याच्या खांद्यावर हात ठेवला. "या पोराला पुन्हा आत घालू नका," एवढेच बोलले. त्यानंतर त्यांनी आमच्यापैकी कुणाचाही फोन घेतलेला नाही.

पोशाख खोक्यात बंद झाला. पाहुणा शेवटी संगणकावर करण्यात आला. मालिका सुरू झाली, गाजली. तुमच्यापैकी काहीजण ती पाहतही असतील. माझ्या भावाचे नाव तिच्यात कुठेही नाही. तो आता एका फर्निचरच्या दुकानात विक्रेता आहे. नाटकांविषयी बोलत नाही. बाबाही त्याला पालवीवरून काही म्हणत नाहीत.

सुटला, असे मी धरून चालले होते. मीच त्याला त्या दारातून मागे ओढले होते ना.

गेल्या आठवड्यात आम्ही दोघे बाबांची औषधे घेऊन परत येत होतो. संध्याकाळ होती, चांगला उजेड होता. मोठा रस्ता ओलांडायचा होता आणि वाहने थांबत नव्हती. मी वाट पाहत उभी होते. बोलता बोलता बाजूला पाहिले, तर तो शेजारी नव्हता.

तो रस्त्याच्या मध्यावर होता.

शांत चालत होता. एक ट्रक आला, तेव्हा थांबला. ट्रक गेला, तेव्हा निघाला. डावीकडे पाहिले नाही, उजवीकडे पाहिले नाही. उजवा हात शरीरापासून जरासा पुढे.

कुणी हॉर्नही वाजवला नाही.

मी कशीबशी पलीकडे पोहोचले आणि त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले.

त्याचे डोळे मिटलेले होते.

"डोळे उघड," मी म्हणाले.

त्याने उघडले. मला पाहून त्याला नवल वाटल्यासारखे दिसले.

"कधीपासून?"

"तेव्हापासूनच, ताई. गेलाच नाही तो हात."

"सोड म्हणून सांगितलं नाहीस?"

"सांगितलं."

"मग?"

"आणखी घट्ट धरलं."

तो हे अगदी साधेपणाने म्हणाला.

आता तो बाहेर पडला की मी बरोबर जाते. त्याचा डावा हात धरून चालते. एवढा मोठा गडी बहिणीचा हात धरून जातो म्हणून दुकानातले लोक हसतात, हसू देत. पण हल्ली मला एक जाणवते... चौकात आलो, की कुठे वळायचे ते मी ठरवत नाही. तोही ठरवत नाही.

आम्ही वळतो.